जे घराबरोबर विकलं जाणार, ते पुसू नकोस

'ताई, मी पिंपरीत राहतो, वय २६. चार वर्षं लग्नाच्या ऑर्डरींवर सेकंड शूटर म्हणून जातोय. आषाढी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत हात रिकामे. यंदा ओळखीतल्या एका ब्रोकरनं रिसेलचे सहा फ्लॅट दिले, म्हणाला फोटो काढ. पहिल्या टू बीएचकेचे फोटो बघून म्हणतो, "याच्यापेक्षा माझा मोबाइल बरा." भिंती पडायला आल्यासारख्या दिसतात, खिडक्या पांढऱ्याफटक, बेडरूम पिवळी, किचन हिरवट. माझ्याकडे क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा, १८-५५ आणि ५० अशा दोन लेन्स आणि एक फ्लॅश आहे. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची बॉडी आणि १६-३५ लेन्स ईएमआयवर घेऊ का? शिवाय ब्रोकर म्हणतो, हॉल मोठा दिसला पाहिजे आणि बेडरूमच्या कोपऱ्यातली ओल फोटोशॉपमध्ये उडव. उडवू का? पैसे किती मागायचे तेही कळत नाही.
— चातुर्मासातला फोटोवाला'

वयानं तू माझ्या भाच्याएवढा, म्हणून अरे-तुरेच करते.

आधी ब्रोकरचं. त्याचा राग धरू नकोस, तो खरं बोललाय. मोबाइल एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेतो, उजळ-काळोख्या एकमेकींत बसवतो आणि खिडकीबाहेरचं आकाश निळं ठेवून देतो. तू एकच फ्रेम घेतलीस. मोबाइल जे गुपचूप करतो ते तुला हातानं करायचंय, आणि त्याच्यापेक्षा नीट करायचंय. त्याला फुल फ्रेम लागत नाही. ईएमआयचा विचार सोड. सहा फ्लॅटच्या भरवशावर कर्ज काढणाऱ्याला आमच्याकडे वेगळं नाव आहे, ते इथं छापता येणार नाही.

लागते ती रुंद लेन्स (एमएमचा आकडा जितका कमी तितकी रुंद), आणि किती रुंद याचं गणित खोलीच सांगते. खोलीचा कोपरा काटकोनाचा असतो, ९० अंश. फुल फ्रेमवर १८ एमएमची लेन्स आडवी ९० अंश बघते. तुझ्या क्रॉपवर तेवढंच बघायला साधारण १२ लागते. म्हणजे दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये कोपऱ्याला पाठ लावून उभा राहिलास तर १२ वर खोली मावते. तुझी १८-५५ क्रॉपवर २७-२८ सारखी वागते. तिच्यात पलंग आणि एक भिंत येते, बस. तेव्हा क्रॉपसाठीची १०-१८ किंवा १०-२० जातीची लेन्स आधी एक दिवस भाड्यानं आण, सहापैकी तीन फ्लॅट तिच्यावर कर, मग जुनी मिळाली तर घे. आणि हो, १० पर्यंत जाते म्हणून १० वर लावून बसू नकोस. १२-१४ च्या खाली गेलास की फ्रेमच्या कडेची वस्तू ताणली जाते. कडेला खुर्ची असेल तर तिचा बाक होतो.

ट्रायपॉड आहे का, ते तू लिहिलंच नाहीस. लग्नात लागत नाही, त्यामुळे नसणार. पैसे घालायचेच तर तिथं घाल.

आता भिंती का पडतात ते. कॅमेरा जरा जरी खाली किंवा वर कलला की सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही आणि उभ्या रेघा एकमेकींकडे झुकतात. लग्नात आपण उंचावरून, खालून, तिरकं काढतो, मजा येते. घरात ती सवय विसरायची. कॅमेरा पूर्ण लेव्हलला लाव. स्क्रीनवर लेव्हलची रेघ दाखवायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते. मग तुझ्या लक्षात येईल की छत फार येतंय, फॅन अर्ध्या फ्रेममध्ये लटकतोय. तेव्हा कॅमेरा कलवायचा नाही, ट्रायपॉड खाली घ्यायचा. हॉलमध्ये चार फुटांच्या आसपास, बेडरूममध्ये थोडं खाली, म्हणजे गादी आडवी पसरलेली दिसते आणि छत कमी येतं. किचनमध्ये मात्र ओट्याच्या वर राहा, इतकं की ग्रॅनाइटचा पृष्ठभाग जरासा दिसेल. ओटा आणि वरची कपाटं यांच्या मधोमध कॅमेरा बसला की ओट्याचा वरचा भाग दिसतो, कपाटांचा तळ मात्र फारसा डोळ्यात येत नाही. राहिलेला अर्धा-एक अंश एडिटिंगच्या लाइटरूम सॉफ्टवेअरमधल्या ट्रान्सफॉर्ममध्ये सरळ होतो. पाच अंश नाही होत. केलेस तर कडा इतक्या कापल्या जातात की भाड्यानं आणलेली रुंद लेन्स वाया गेली.

कोपऱ्यातून फोटो काढला की खोली किती मोठी ते कळतं. भिंतीच्या अगदी समोर, सरळ उभा राहून काढला की घर नीटनेटकं, शांत वाटतं. पाच फोटो एकाच प्रकारचे आले की बघणाऱ्याचा अंगठा पुढे सरकतो, म्हणून दोन्ही काढ. दारात उभं राहून, चौकटीच्या आत लेन्स नेऊन एक फोटो जरूर घे, कारण घर बघायला येणारा माणूस तिथूनच पहिल्यांदा बघणार आहे. बाथरूममध्ये ट्रायपॉडचा एक पाय दुमडून भिंतीला टेकव आणि आरसा कुठं आहे ते आधी बघ. माझ्या पहिल्या वर्षी एका फ्लॅटच्या जाहिरातीत फ्रिजच्या चकचकीत दारात मी दिसत होते, खांद्यावर ओढणी, तोंडात लेन्सचं झाकण. मालकीणबाईंनी फोन करून विचारलं, 'ही कोण?'

खिडक्यांचं. उन्हात बाहेरचा देखावा एफ ८, आयएसओ १०० ला साधारण १/४०० ला नीट येतो. आतली खोली त्याच सेटिंगवर अर्धा सेकंद मागते. हा फरक सात-आठ स्टॉपचा झाला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), एका फ्रेममध्ये मावणं अवघडच. ट्रायपॉडवर, एफ ८, आयएसओ १००, रॉ, दोन सेकंदांचा टायमर, आणि दोन-दोन स्टॉपच्या अंतरानं पाच फ्रेम ब्रॅकेट कर, म्हणजे तीच फ्रेम कमी-जास्त उजळ अशी पाचदा घे. कॅमेरा तीनच देत असेल तर तीन घे, मग एक्स्पोजर सरकवून आणखी दोन. लाइटरूममध्ये एचडीआर मर्ज केलं, म्हणजे पाचांची एक फ्रेम केली, की काम झालं. हे जपून कर, कारण एचडीआरचा हात सैल सुटला की पांढऱ्या भिंती राखाडी होतात, सावल्या मरतात आणि घर आजारी दिसतं. खिडकीला खिडकीसारखंच थोडं उजळ राहू दे. बाहेर समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी असेल तर ती स्पष्ट दाखवून तू कुणाचं भलं करत नाहीस, पण ती पुसायचीही नाही. का, ते ओलीच्या प्रश्नाशी सांगते.

तुझ्याकडचा फ्लॅश इथं कामाला येतो. लग्नात तू तो माणसांवर मारतोस. इथं तो मागे, पांढऱ्या छतावर मार. एक फ्रेम घरातल्या उजेडाची, एक फ्लॅशची, एक बाहेरच्या देखाव्याची, आणि तिन्ही फोटोशॉपच्या लेयरवर जोडायच्या. परदेशातले लोक याला फ्लॅम्बियंट म्हणतात, पण युक्ती नवी नाही. १९६० मध्ये ज्युलियस शुलमननं लॉस एंजेलिसच्या टेकडीवरच्या काचेच्या घराचा, केस स्टडी हाऊस क्रमांक २२ चा, जो रात्रीचा फोटो काढला, त्यात खालच्या शहराचे दिवे लांब एक्स्पोजरवर घेतलेत आणि घराचा आतला भाग त्याच फिल्मवर फ्लॅशच्या बल्बनं. दोन उजेड, दोन वेळा. त्याच्याकडे लाइटरूम नव्हतं, तुझ्याकडे आहे. फक्त भिंत बघून फ्लॅश मार. आपल्याकडे एक भिंत पोपटी, एक गुलाबी करायची हौस आहे. पोपटी भिंतीवर फ्लॅश उसळवलास तर सोफाही पोपटी होतो.

पिवळी बेडरूम आणि हिरवट किचन यांचं मूळ एकच आहे. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका पिवळा. खिडकीतून ५५०० केल्विनचा उजेड येतो, पलंगाजवळचा वॉर्म बल्ब २७०० चा, किचनची ट्यूब ६५०० ची, तीही स्वस्तातली. कॅमेरा तिघांपैकी कुणाचं ऐकणार? दिवसा शूट असेल तर मी सगळे दिवे बंद करते. ब्रोकर ओरडतील, 'मॅडम, फॉल्स सीलिंगचे लाइट दाखवा ना', तर त्यांच्यासाठी हॉलचा एक फोटो दिवे लावून वेगळा काढायचा. पट्ट्यांची भानगडही लक्षात ठेव. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. १/१०० किंवा त्याहून संथ शटरवर ते कळत नाही, पण बाहेरच्या देखाव्याची १/४०० ची फ्रेम दिवे चालू ठेवून घेतलीस तर आडवे पट्टे उमटतात. ती फ्रेम घेताना दिवे बंद. फॅन तर सगळ्याच फ्रेमला बंद, आणि पाती थांबेपर्यंत दम धर.

हे सगळं तंत्र झालं. खरं सांगू, फोटोचं निम्म्याहून जास्त काम कॅमेरा पिशवीतून काढायच्या आधीचं आहे, आणि लग्नवाल्यांना हेच जड जातं. तिथं सगळं सजवलेलं मिळतं. इथं कुणी सजवून देत नाही. आदल्या दिवशी मालकाला किंवा भाडेकरूला स्वतः फोन कर, ब्रोकरवर सोडू नकोस. दारातला चपलांचा ढीग आत, ओट्यावरचा मिक्सर आणि तेलाची बरणी खाली, सिंक रिकामं, सिलिंडरची नळी दिसणार नाही अशी, बाथरूममधली बादली-मग आणि दांडीवरचे टॉवेल बाहेर, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे आत. पावसाळ्यात हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण कपडे फॅनखाली खुर्च्यांवर वाळत असतात आणि ते हलवायला जागाच नसते. मग एका खोलीचे फोटो होईपर्यंत दुसरीत, दुसरीचे होईपर्यंत पहिलीत. घरातल्या आजी हसतात, मदतही करतात.

फ्रिजवर लावलेलं लाइट बिल, भिंतीवरचे लग्नाचे फोटो, मुलांची शाळेची प्रमाणपत्रं, दारावरची नावाची पाटी, औषधांचा डबा, पार्किंगमधल्या गाड्यांचे नंबर यांतलं काही जाहिरातीत जाऊ नये. कपाटं उघडायची नाहीत. देव्हारा तर विचारल्याशिवाय हलवायचा नाही, आणि तुला हलवावासा वाटलाच तर आधी स्वतःला विचार, की कशाला? देव असलेलं घर बघून आजवर कुणी घर घ्यायचं टाळलेलं मी तरी बघितलं नाही.

वेळेकडे लक्ष दे. विकणाऱ्यांना पूर्वाभिमुखचं भारी कौतुक, तर त्या इमारतीचा बाहेरचा फोटो सकाळी दहाच्या आत घे. दुपारनंतर तिचं तोंड सावलीत जातं. पश्चिमेच्या दर्शनी भागाला चारनंतर. उत्तरेकडे तोंड असलेल्या इमारतीला हिवाळ्यात दिवसभर ऊन लागत नाही, पण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य पुण्याच्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, तेव्हा तिच्यावरही उजेड पडतो. अर्थात ढग परवानगी देतील तर. ढगाळ दिवस आतल्या फोटोंना वरदान असतो, खिडकीचा तो सात-आठ स्टॉपचा फरक बराच खाली येतो. तेव्हा पावसाळ्यात आतलं उरकून घे आणि बाहेरचा एक फोटो उघडीप मिळेल त्या दिवशी येऊन काढीन असं आधीच ठरव. संध्याकाळचे, दिवे लागलेले फोटो सुंदर दिसतात, पण व्हिडिओत दिसणारे परदेशी लोक तासभर आरामात शूट करतात ते आपल्याला जमणार नाही. आपल्याकडे सूर्य सरळ खाली उतरतो. सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांत खेळ संपला. ट्रायपॉड लावून, फ्रेम ठरवून आधीपासून उभं राहायचं.

आता तुझा खरा प्रश्न. बाकी सगळं तू आठवड्यात शिकशील, हा मात्र फ्लॅटगणिक पुन्हा येईल.

हॉल मोठा दिसावा ही मागणी वाईट नाही, ती कशी पुरवतोस त्यावर आहे. सेंटर टेबल बाजूला घे, पडदे उघड, एक खुर्ची बाहेर ठेव, दारातून काढ. हॉल मोकळा दिसेल आणि तो तसा आहेच. १० वर झूम लावून बारा बाय दहाचा हॉल मंगल कार्यालयाएवढा केलास तर पार्टी दारात येऊन थबकते. ते थबकणं मी डोळ्यांनी बघितलंय. माणूस काही बोलत नाही, एक पाऊल आत टाकतो, इकडेतिकडे बघतो, बायकोकडे बघतो. मग घर कितीही चांगलं असू दे, तो पुढचा अर्धा तास तुम्ही अजून काय लपवलंय तेच शोधत असतो. ब्रोकरचा पेट्रोलचा खर्च, मालकाचा रविवार, सगळं पाण्यात. हे त्याला याच भाषेत सांग, नीतीच्या भाषेत सांगू नकोस.

ओल पुसू नकोस. माझा नियम सोपा आहे. मालक टेम्पोत भरून नेणार ते हलवायला, झाकायला, फोटोशॉपमध्ये काढायला हरकत नाही: बादली, कॅलेंडर, भिंतीवर लोंबणारी चार्जरची वायर. जे घराबरोबर विकलं जाणार ते तसंच राहणार: ओल, तडा, खिडकीसमोरचा ट्रान्सफॉर्मर, ती टाकी. आता याचा अर्थ ओलीचा क्लोज-अप काढून पहिल्या नंबरला लाव असा नाही. बेडरूमचा फोटो दुसऱ्या कोपऱ्यातून काढू शकतोस, तो तुझ्या कामाचा भाग आहे. पण ज्या फ्रेममध्ये ती येते तिथं तिला राहू दे. आकाशाचंही तसंच. ढगाळ आकाशाला थोडा निळा हात द्यायला मी नाही म्हणत नाही, पण समोरच्या इमारतीच्या जागी डोंगर आणायचा नाही. एवढं करून ब्रोकर ऐकत नसेल तर मालकाला सांग की पावसाळा संपल्यावर भिंत वाळवून, वॉटरप्रूफिंग करून, रंग देऊन घ्या, मी पुन्हा येऊन त्या खोलीचे फोटो फुकट काढून देतो. मी हे तीनदा केलंय. दोनदा मालकानं खरंच काम करून घेतलं.

उद्या हाच ब्रोकर तुला बिल्डरकडे नेईल, तिथं गोष्ट आणखी कडक आहे. रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या गोष्टीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई प्रमोटरला, म्हणजे बिल्डरला, द्यावी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेरा नोंदणीच्या प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोडही लागतो. म्हणजे गिऱ्हाईक तुझा फोटो बघता बघता मोबाइलवर प्रकल्पाची माहिती उघडू शकतं. सॅम्पल फ्लॅटचा फोटो असेल तर तो सॅम्पल फ्लॅटचा आहे असं खाली लिहायला लाव. ड्रोनचं इतक्यात डोक्यात घेऊ नकोस. पुण्यात लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, त्यात लष्कराच्या जागा जागोजागी. सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावर ड्रोनचा नकाशा बघितल्याशिवाय २५० ग्रॅमचं खेळणंही उडवायचं नाही.

पैशांचा आकडा मी सांगणार नाही, कारण माझा दर तुझ्या कामाचा नाही. हिशेब सांगते. जायचा-यायचा वेळ, आवराआवर धरून दोन तास शूट, घरी दोन-अडीच तास एडिट, लेन्सचं भाडं, पेट्रोल. हे मांड आणि लग्नाच्या एका दिवसाला तुला जे मिळतं त्याच्याशी ताडून बघ. दर फ्लॅटवर लाव, फोटोवर नको, नाहीतर ब्रोकर चारच घेईन म्हणतो आणि काढायचे सगळेच असतात. टू बीएचकेला बारा-पंधरा आडवे फोटो पुरे होतात. किल्ली मिळाली नाही म्हणून फेरी फुकट गेली तर तिचे वेगळे पैसे, हे आधी ठरव. एक फ्लॅट नमुन्यादाखल फुकट केलास तर चालेल आणि तो तू करून बसलायस. फोटो व्हॉट्सॲपवर नुसते टाकू नकोस, दाबले जाऊन चिवडा होतो. डॉक्युमेंट म्हणून किंवा लिंक करून पाठव.

आणि एक गोष्ट चार ओळींत का होईना लिहून घे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोची पहिली मालकी, वेगळं काही ठरलं नसेल तर, पैसे देणाऱ्याची असते. लग्नवाल्यांना वाटतं फोटो माझा. ब्रोकरनं तेच फोटो उद्या दुसऱ्या एजंटला दिले, इंटिरियरवाल्यानं आपलं काम म्हणून छापले, तर तुझ्या हातात काही नाही. 'या फ्लॅटच्या विक्रीच्या जाहिरातीपुरता वापर, मालकी छायाचित्रकाराची, फोटोग्राफरला आपल्या कामाचा नमुना म्हणून दाखवण्याची मुभा', एवढं लिहून दोघांच्या सह्या. घरमालकालाही नमुन्याबद्दल विचार, घर त्याचं आहे.

पहिल्या फ्लॅटचे फोटो पुन्हा काढायचे असं धरून चाल. तिथं जायच्या आधी एक संध्याकाळ स्वतःच्या घरच्या बेडरूमवर घालव, तीन उंच्यांवरून, दिवे लावून आणि बंद करून. पावसाळी हवेत एसीच्या खोलीतून बाल्कनीत आलास की लेन्सवर धुकं धरतं, ते पुसत बसू नकोस, दहा-पंधरा मिनिटं थांब. आणि निघताना गिझर बंद, खिडक्या बंद, हलवलेली प्रत्येक वस्तू जागच्या जागी, आणि किल्ली वॉचमनकडे न ठेवता ज्यानं दिली त्याच्याच हातात.